गावचं वाचनालय शेतकऱ्याच्या कामी यावं

२०१८ सालातली गोष्ट. ऑगस्ट महिना संपत आला होता. शिरूर तालुक्यात चासकमानच्या कालव्याखालच्या एका गावातून निरोप आला, म्हणून तिथल्या एका आबांच्या रानात गेलो. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी उसाचं एक बेट दोन्ही हातांनी धरलं आणि वर ओढलं. गाजर उपटावं तसं आख्खं बेट हातात आलं. खाली मुळी शिल्लकच नव्हती. माती उकरली तर पांढऱ्या, जाड, कोयत्यासारख्या वाकलेल्या अळ्या. हुमणी. दीड एकर ऊस वरून पिवळा आणि खालून खाल्लेला.

"भाऊसाहेब, औषध सांगा," आबा म्हणाले.

ऑगस्टअखेर हुमणीचं औषध विचारणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. अळी मोठी होऊन मुळाशी पोचलेली असते. तिचा खरा मोसम मे-जूनचा. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की जमिनीतले भुंगेरे दिवेलागणीला बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीचा पाला खायला गोळा होतात. त्या तास-दीड तासात फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे, गोळा करायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. एक मादी मेली की पन्नास-साठ अंडी टळली. पण एकट्यादुकट्याने करून भागत नाही. शेजारच्या बांधावरच्या बाभळीवरचे भुंगेरे आपल्याच रानात येतात. गावाने मिळून पाच-सहा संध्याकाळी केलं तर मात्र खर्च जवळजवळ काहीच नाही.

हे सगळं मी आबांना सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे तवा का नाही सांगितलं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण नेमकी हीच माहिती असलेल्या घडीपत्रिकांचा गठ्ठा मे महिन्यातच आला होता. थोड्या एका बैठकीत वाटल्या होत्या, आणि शंभरेक मी स्वतः त्याच गावच्या वाचनालयात ठेवून आलो होतो. त्या संध्याकाळी वाचनालयात गेलो. ग्रंथपालांनी लोखंडी कपाट उघडलं. गठ्ठा वरच्या फळीवर होता, सुतळीची गाठही सुटलेली नव्हती. ग्रंथपाल साधा माणूस. म्हणाले, "साहेब, तुम्ही ठेवा म्हणालात, मी नीट ठेवलं. वाटा असं कुठं म्हणालात?" त्यांचं बरोबर होतं. चूक माझी होती.

तेव्हापासून मी गावात गेलो की वाचनालयात डोकावतो. शेतीखात्याच्या माणसाने वाचनालयावर लिहावं हे कुणाला विचित्र वाटेल. पण दीड एकर उसाचं ते नुकसान पाहिल्यानंतर मला ते विचित्र वाटत नाही.

वाचनालय कुणाचं?

हा प्रश्न मी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बऱ्याच शेतकऱ्यांना विचारला. "सरकारचं" असं निम्मे म्हणतात. "अमक्या पुढाऱ्याचं" असं उरलेले म्हणतात. दोन्ही उत्तरं पुरती खरी नाहीत.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याच्या आधी १९४८ मध्ये मद्रास राज्याने असा कायदा केला होता. तिथे ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर घेतला जातो. आपल्याकडे असा उपकर ठेवलेला नाही. आपल्याकडे ग्रंथालय चालवते ती गावातली नोंदणीकृत संस्था. शासन तिला मान्यता देतं, दर्जा ठरवतं आणि दरवर्षी परिरक्षण अनुदान देतं. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं-मासिकं किती येतात, अशा हिशेबावर अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. खेड्यापाड्यातली बरीच वाचनालयं शेवटच्या दोन वर्गांत असतात.

याचा अर्थ असा की वाचनालयाला सभासद असतात, कार्यकारी मंडळ असतं, वर्षाची सर्वसाधारण सभा असते. विकास सोसायटीच्या सभेला आपण भांडायला हजर असतो, दूध संस्थेच्या सभेला बोनससाठी जातो, पण वाचनालयाच्या सभेला पाच-सात टाळकी असतात आणि त्यात शेतकरी म्हणून बोलणारा एकही नसतो. मग पुस्तक खरेदीची यादी कोण करणार? जो हजर आहे तो. त्याला कादंबऱ्या आवडतात, तर कादंबऱ्या येतात. कादंबऱ्यांशी माझं काही भांडण नाही, मीही वाचतो. पण ज्या गावात दहापैकी आठ घरं शेतीवर जगतात तिथल्या कपाटात शेतीची अकरा पुस्तकं असावीत, आणि त्यातली चार मी शाळेत असतानाची असावीत, हे काही बरोबर नाही. ही अकराची मोजणी माझी स्वतःची आहे, एका वाचनालयातली.

पैशाची बाजूही समजून घेतली पाहिजे, नाहीतर आपण ग्रंथपालावरच राग काढतो. ड वर्गाच्या ग्रंथालयाला बरीच वर्षं वर्षाकाठी ३० हजार रुपये मिळत होते. २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तेव्हा ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रवाल्याचं बिल आणि नवी पुस्तकं. कांदा काढणीला येणारा गडी ग्रंथपालापेक्षा जास्त कमावतो. अशा माणसाकडून आपण अपेक्षा करायची तर आपणही दोन पावलं पुढं गेलं पाहिजे.

कपाटातून डेअरीपर्यंत

त्या हुमणीच्या गावात पुढच्या वर्षी काय झालं ते सांगतो. फार मोठं काही नाही. एप्रिलमध्ये मी, ग्रंथपाल आणि आबा असे तिघं वाचनालयात बसलो. आबा वाचनालयाच्या आत पहिल्यांदाच आले होते, चप्पल बाहेर काढू का म्हणून विचारत होते. ग्रंथपाल म्हणाले, "आबा, देऊळ नाही हो, या तसेच." बोलता बोलता आबांनीच मुद्द्याचं सांगितलं. वाचनालय संध्याकाळी ज्या वेळी उघडं असतं, त्याच वेळी गावातली सगळी माणसं धारा काढतात. धार काढून, डेअरीला दूध घालून माणूस मोकळा होतो तेव्हा वाचनालयाला कुलूप असतं.

यावर दोन गोष्टी झाल्या. कार्यकारी मंडळाने ठराव करून संध्याकाळची वेळ तासाभराने पुढं सरकवली. आणि वाचनालयाचा एक फळा दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लागला. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी असतात, दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, समोर जे लिहिलेलं असेल ते वाचलं जातं. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवतो. त्या फळ्यावर वळवाच्या आधी हुमणीचं लिहिलं. घडीपत्रिका फॅटच्या चिठ्ठीबरोबर हातात दिल्या. पाऊस पडला त्या संध्याकाळी तालमीतली पोरं बॅटऱ्या घेऊन बाभळीखाली गेली. हुमणी संपली असं मी म्हणणार नाही, ती अशी एका वर्षात संपत नसते. पण मुळाशी खाल्लेली बेटं पुढच्या ऑगस्टमध्ये फार कमी दिसली, आणि आबांनी मला रानात बोलावलं ते शेंगा खायला.

त्याच फळ्यावर आता हवामान विभागाचा कृषी सल्ला लागतो. तो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. ग्रंथपाल त्यातल्या आपल्या कामाच्या चार ओळी खडूने लिहितात, सगळा कागद चिकटवत नाहीत. हे मला फार पटलं. चार पानांचा सल्ला कुणी उभ्याने वाचत नाही.

"मोबाईल आहे की!"

हे मला प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतं, आणि त्यात तथ्यही आहे. बाजारभाव, पावसाचा अंदाज, सातबारा, सगळं फोनवर दिसतं. पण फोनवर खरं आणि खोटं एकाच रंगात येतं. कांद्यावर करपा आला की एखादी फिरती चिठ्ठी येते: अमुक औषध, तमुक टॉनिक आणि वर चिमूटभर आणखी काहीतरी, सगळं एका पंपात. कुणी लिहिलं, कुठल्या पिकासाठी लिहिलं, पत्ता नाही. चुकलं तर विचारायचं कुणाला?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. आपल्याकडेही फवारणी करून आलेला माणूस चक्कर येऊन पडला की लोक उन्हाला बोल लावतात. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. डब्याबरोबर माहितीपत्रक असतं, त्यात कुठल्या पिकाला, किती पाण्यात, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, विषबाधा झाली तर काय करायचं, हे छापलेलं असतं. पण अक्षर इतकं बारीक की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते मुंग्यांसारखं दिसतं.

दौंड तालुक्यात भीमेकाठच्या एका वाचनालयात टेबलाला सुतळीने बांधलेलं भिंग पाहिलं. ग्रंथपाल निवृत्त गुरुजी. मला वाटलं त्यांच्या वयासाठी असेल. गुरुजी म्हणाले, "नाही हो. लोक औषधाचं माहितीपत्रक घेऊन येतात, त्यांच्यासाठी. भिंगातूनही दिसलं नाही तर मी वाचून दाखवतो." गुरुजींचा एकच नियम आहे, डबा आत आणायचा नाही, नुसता कागद आणायचा. वाचनालयाची सेवा म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते? भिंगाला फारसा खर्चही आलेला नाही.

पोरांच्या अभ्यासिकेचा उपयोग

अलीकडे वाचनालयांतली गर्दी म्हणजे अभ्यासिका. पोलीस भरती, एमपीएससी, तलाठी भरती. सकाळपासून रात्रीपर्यंत पोरं-पोरी मान खाली घालून बसलेल्या असतात. काही जुनी मंडळी कुरकुरतात की वाचनालयाची खानावळ झाली, डबे खातात आणि गाईड वाचतात. मला तसं वाटत नाही. ती आपलीच पोरं आहेत, आणि शिरूरच्या बागायती पट्ट्यात रात्री बिबट्याच्या भीतीने मळ्यातल्या घरी दिव्याखाली बसण्यापेक्षा गावात चार जणांत बसलेली बरी.

शिवाय त्यांचा शेतकऱ्याला उपयोग आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद आपली आपण फोनवरून करायची. वयस्कर माणसाला ते जमत नाही, मग नोंद राहते, आणि नुकसान भरपाईच्या किंवा खरेदीच्या वेळी सातबाऱ्यावर पीकच नसतं. एका वाचनालयात मंडळाने पोरांशी ठरवून घेतलं: मुदतीच्या काळात दर रविवारी सकाळी दोन तास, दोघं-तिघं बाहेरच्या बाकावर बसणार. फोटो रानातच काढावा लागतो, त्यामुळे आधी समजावून सांगायचं आणि गरज पडली तर बरोबर जायचं. बदल्यात अभ्यासिकेची फी माफ. एका पोराने मला सांगितलं, "सर, भरतीचा फॉर्म भरून भरून आमचा हात बसलाय, हे तर सोपं आहे."

पेटीची जुनी युक्ती

वाड्यावस्त्यांवरच्या माणसाने वाचनालयापर्यंत यावं की वाचनालयाने तिकडे जावं? हा प्रश्न आजचा नाही. नाशिक जिल्ह्यात कवळाण्याला शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे राजे झाले. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या. १९३१ साली तमिळनाडूत मन्नारगुडीच्या आसपासच्या खेड्यांत पुस्तकं चक्क बैलगाडीतून फिरत होती. त्या गाडीमागे प्रेरणा होती ती ग्रंथालयशास्त्राचे जाणकार डॉ. रंगनाथन यांची. आपल्या राज्यात २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या फिरतात, आता तर परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही.

मग शेतीची पेटी का नको? वीस-पंचवीस पुस्तकं आणि घडीपत्रिकांची एक पत्र्याची पेटी. महिनाभर एका वस्तीवर, मग दुसऱ्या. रोहिणी निघायच्या आधी हुमणी, बीजप्रक्रिया, खतांचे हिशेब. दिवाळीच्या सुमाराला कांदा, हरभरा, गहू. कांद्याचंच घ्या. कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्याच जिल्ह्यात राजगुरुनगरला आहे. तिने भीमा नावाची वाणं दिली. त्यातलं कुठलं खरिपाचं आणि कुठलं रब्बीचं हे न बघता केवळ नाव ऐकून बी घेणारे शेतकरी मी दरवर्षी पाहतो. खरिपाचं वाण रब्बीत लावलं की डेंगळे आणि जोडकांदे वाढतात, आणि मग बी देणाऱ्या दुकानदाराशी भांडण. रोप टाकायच्या आधी अर्धं पान वाचलं असतं तर भांडण टळलं असतं.

पेटीत काय असावं, हेही विचारलं जातं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी आधी घ्या. पीकवार शिफारशी एका जागी मिळतात, आणि ती दरवर्षीची नवी घ्यायची, जुनीवर भागवायचं नाही, कारण औषधांच्या शिफारशी बदलतात. कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक. ऊसवाल्यांसाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची प्रकाशनं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची माहिती. दुभत्या जनावरांवर एखादं सोपं पुस्तक हवंच, कासदाहाने गाईचं सड गेलं की घरातला महिन्याचा हिशेब बसतो.

जनावरांचं पुस्तक कुणी वाचायचं? शेण-पाणी, धार, वासराचं आजारपण बायका बघतात. आणि मी ज्या वाचनालयांत जातो तिथे संध्याकाळी बाई दिसत नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शंभर वर्षांपूर्वी छापखाना चालत होता आणि त्यात खिळे जुळवण्याचं काम बायका करत होत्या. ज्या तालुक्यात बायकांनी तेव्हा पुस्तकं छापली तिथे आज त्यांनी वाचनालयाच्या दारावरून नुसतं पुढं जावं? बचत गटाची मासिक बैठक वाचनालयात घेतली तर हा प्रश्न निम्मा सुटतो. एका गावात ते सुरू झालं. पहिल्या बैठकीत एका मावशींनी ग्रंथपालांना विचारलं, "शेळीच्या पोटफुगीचं काही हाय का?" होतं. त्यांच्या सुनेने तिथंच वाचून दाखवलं.

नुसतं वाचून शेती होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो याच विचाराने, की पोरांनी हाताने करत शिकावं. म्हणून वाचनालयाने महिन्यातून एकदा वाचलेलं करून बघायचा कार्यक्रम ठेवावा: माती नमुना कसा घ्यायचा, बीजप्रक्रिया कशी करायची, पंपाचा नोझल कधी बदलायचा. मला किंवा माझ्या सहकाऱ्यांना बोलवा. आम्हाला गावात बैठकीसाठी जागा शोधावी लागते, देवळात भजन असतं, चावडीला कुलूप असतं.

आता थोडं गावच्या कारभाऱ्यांसाठी. सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेब (२०२४ मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावाच्या तोंडात अजून ग्रामसेवकच आहे) यांनी ग्रामपंचायत विकास आराखडा करताना वाचनालयाच्या ग्रंथपालांना एकदा बैठकीला बोलवावं. वाचनालयाची जागा ग्रामपंचायतीची असेल तर भाडं, वीज, छपराची गळती हे विषय तिथेच मिटतात. मग अनुदानातले तेवढे पैसे पुस्तकांना उरतात. पुस्तकं आणि साहित्यासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची मदतही मिळते, त्यासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या पुण्यातल्या कार्यालयात चौकशी करावी. प्रस्ताव नीट लिहिलेला असावा. तिथेही अभ्यासिकेतली पोरं उपयोगी पडतील.

आणि शेतकरी बंधूंनो, अनुदानित वाचनालयात बसून वर्तमानपत्र वाचायला सभासद व्हावं लागत नाही. पुस्तक घरी न्यायचं असेल तर व्हावं लागतं. वर्गणी किती ते तुमच्या वाचनालयात विचारा, बहुतेक ठिकाणी ती महिन्याच्या चहापेक्षा कमीच असते. सभासद झालात की मागणीवहीत लिहा, कुठलं पुस्तक हवं ते. त्या गुरुजींच्या वाचनालयातली मागणीवही मी चाळली होती. वर्षभरातल्या नोंदींत शेतीच्या पुस्तकाची मागणी एकच होती, लिंबाच्या छाटणीवरची, आणि ती करणारा एसटीचा निवृत्त कंडक्टर होता. सर्वसाधारण सभेची नोटीस फळ्यावर लागते. ती लागली की ग्रंथपालांकडून खरेदीची यादी आधी मागून घ्या आणि सभेला जाताना बरोबर न्या.